घराच्या राखणीचा कॅमेरा : तो कसा निवडावा ?

माणदेश हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंतील मुलूख. येथें पाऊस थोडा, जमीन माळाची व शेती बेभरंवशाची. म्हणून येथील माणसांस पोटासाठीं गांव सोडावें लागतें. माण, खटाव, आटपाडी व खानापूर ह्या तालुक्यांतील किती तरी कुटुंबें सोनें-चांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या, धंद्यानिमित्त भारतांतील निरनिराळ्या शहरांत पसरलीं आहेत. कोणी मुंबईस माथाडीचें काम करतो, कोणी ऊसतोडीस जातो, कोणी मेंढरांचा कळप घेऊन महिनोन्महिने बाहेर असतो. ह्यामुळें गांवांतील पुष्कळ घरांत वृद्ध आईबाप व शाळेंत जाणारीं नातवंडें एवढींच माणसें उरतात. कित्येक घरांस तर जत्रेचे व लग्नसराईचे दिवस सोडले तर कुलूपच असतें.

अशा घराची राखण कोणीं करावी, हा प्रश्न जुना आहे. पूर्वीं गांवोगांव जागल्या रात्रीची गस्त घाली, व रामोशी राखणदारी करीत. ही चाकरी वंशपरंपरेनें लादलेली असे, आणि तिचा मोबदला कष्टांच्या मानानें फारच अपुरा असे. गांवकामगारांचीं कनिष्ठ वतनें १९५८ च्या कायद्यानें रद्द झालीं, हें योग्यच झालें. परंतु राखणीची गरज कांहीं रद्द झाली नाहीं. आज त्या जागीं कॅमेरा येऊं पाहत आहे. पालकसभेस आलेले पालक आम्हांस विचारतात, "गुरुजी, माणूस ओळखणारा कॅमेरा निघाला आहे म्हणतात, त्यांतला चांगला कोणता?" रोग न सांगतां "औषध चांगलें कोणतें ?" असें विचारण्यासारखाच हा प्रश्न आहे. म्हणून आम्ही ह्या लेखांत एखाद्या कंपनीचें नांव सुचविणार नाहीं. कॅमेरा पारखावा कसा, एवढेंच सांगणार आहों. मुलांनीं वहीपेन्सिल जवळ घ्यावी, कारण थोडें गणितहि करावयाचें आहे.

घरासाठीं कॅमेऱ्याची कल्पना प्रथम कोणा श्रीमंतास सुचली नाहीं. न्यू यॉर्क शहरांतील मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन ही एक कृष्णवर्णीय परिचारिका. कामाच्या विचित्र वेळांमुळें तिला घरीं एकटें राहण्याचे प्रसंग येत, आणि त्या वस्तींत पोलिसांची मदत वेळेवर मिळत नसे. म्हणून तिनें पति आल्बर्ट ह्याच्या साहाय्यानें दाराच्या छिद्रांतून बाहेरचा मनुष्य दाखविणारा कॅमेरा, आंत पडदा, बोलण्याची सोय व मदत बोलाविण्याची कळ अशी योजना तयार केली. १९६६ सालीं तिनें अर्ज केला व १९६९ सालीं तिला पेटंट मिळालें. ह्या योजनेंत लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, तींत नुसता डोळा नव्हता. मदतीची कळहि होती. हा मुद्दा आपणांस शेवटीं पुन्हां लागणार आहे.

हुशारी कशांत आहे ?

कॅमेऱ्यास हालचाल कळण्याचे मुख्य प्रकार तीन. पहिला प्रकार असा : कॅमेरा एकामागून एक येणारीं चित्रें ताडून पाहतो, आणि चित्राचे पुष्कळ बिंदु बदलले कीं मोबाईलवर सूचना धाडतो. ह्याला झाड आणि चोर ह्यांतला भेद समजत नाहीं. वाऱ्यानें बाभळीची फांदी हालली, ढगाची सावली सरकली, भिंगापुढें कोळ्यानें जाळें विणलें, तरी तो हांक मारतो.

दुसरा प्रकार उष्णतेचा. प्राण्याच्या अंगांतून अदृश्य अवरक्त किरण निघतात. ते टिपणारें एक लहानसें साधन, ज्याला पी.आय.आर. म्हणतात, कॅमेऱ्यांत बसविलेलें असतें. फांदी हालल्यानें तें फसत नाहीं. कुत्रें व शेळी ह्यांनीं मात्र फसतें. शिवाय माणसाचें अंग आणि भोंवतालची हवा ह्यांच्या उष्णतेंतील फरकावर त्याचें सारें काम अवलंबून आहे. आमच्याकडील वैशाखांतल्या दुपारीं भिंती व जमीन अंगाइतक्याच तापतात, तेव्हां हा फरक बुजतो व साधन मंद होतें. बॅटरीवर चालणारे कॅमेरे वीज वांचविण्यासाठीं झोंपलेले असतात व ह्याच साधनानें जागे होतात. म्हणून आगंतुक दारांतून आंत गेल्यावर नुसती त्याची पाठ दिसावी, असें त्यांच्या बाबतींत कधीं कधीं घडतें.

तिसरा प्रकार म्हणजे हल्लीं ज्याला "स्मार्ट" म्हणतात तो. माणसें, वाहनें, जनावरें ह्यांचीं असंख्य चित्रें दाखवून संगणकास आकार ओळखण्यास शिकविलेलें असतें. २०१२ सालापासून ह्या विद्येनें मोठी झेंप घेतली, आणि आतां ती मुठीएवढ्या कॅमेऱ्यांतहि मावते. असा कॅमेरा शेळी सोडून देतो व माणूस दिसला तरच कळवितो. परंतु तो माणूस "ओळखतो" म्हणजे चोर ओळखतो असें नव्हे. हा आकार माणसासारखा आहे, एवढेंच तो सांगतो. दूध घालणारा, पोस्टमन व चोर हे त्याला सारखेच.

आतां गणित. समजा, एका अंगणांत दिवसांतून ३०० वेळां कुत्रीं, कोंबड्या व फांद्या हालतात, आणि कॅमेरा १०० पैकीं ९९ वेळां बरोबर निवाडा करतो. तरीहि रोज ३ खोट्या सूचना येतील, म्हणजे वर्षास १०९५. खरा चोर वर्षांत एकदां आला असें धरलें, तर १०९६ सूचनांत खरी एकच ! लांडगा आल्याची खोटी आरोळी ठोकणाऱ्या गुराख्याची गोष्ट आमच्या मेंढपाळांच्या मुलुखांत सांगावयास नको. फरक एवढाच कीं, तो पोर जाणूनबुजून खोटें बोले व हा कॅमेरा प्रामाणिकपणें चुकतो. परिणाम मात्र एकच, ऐकणारा कंटाळतो आणि सूचना बंद करून ठेवतो. म्हणून ज्या कॅमेऱ्यांत रस्ता व शेजाऱ्याचें आवार वगळून फक्त आपल्या दाराचा भाग आंखून देतां येतो, आणि "रात्रीं ११ ते पहांटे ५" अशी वेळ ठरवितां येते, तो उत्तम समजावा. कमी बोलणारा राखणदार अधिक उपयोगी.

किती दूरचें दिसतें ?

जाहिरातींत "दोन मेगापिक्सेल", "चार मेगापिक्सेल" असे मोठे आंकडे असतात. ह्यांचा अर्थ चित्रांत तितके दशलक्ष बिंदु आहेत. परंतु खरा प्रश्न असा कीं, माणूस उभा असेल तेथें एका मीटरच्या रुंदींत किती बिंदु पडतात ? युरोपांतील एका मानकानें ह्याचें कोष्टक रूढ केलें आहे : कोणी तरी आहे एवढें कळण्यास मीटरला २५ बिंदु, ओळखीचा मनुष्य ओळखण्यास १२५, व अनोळखी मनुष्याची ओळख निश्चित पटण्यास २५०.

दोन मेगापिक्सेलच्या चित्राची रुंदी १९२० बिंदु असते. १९२० ला २५० नीं भागल्यास ७.६८ मीटर येतात. म्हणजे चित्रांत ७.६८ मीटर रुंदीचीच जागा मावत असेल, तोंवर अनोळखी तोंड नीट दिसेल. भिंगाचा कोन ९० अंश असेल, तर भूमितीप्रमाणें समोरील रुंदी अंतराच्या दुप्पट होते. तेव्हां अंतर आलें ३.८४ मीटर. ओसरीवर लावलेला कॅमेरा अंगणाच्या फाटकावरील अनोळखी माणसाचें तोंड कां दाखवीत नाहीं, हें आतां कळेल. चार मेगापिक्सेलच्या बहुतेक कॅमेऱ्यांची रुंदी २५६० बिंदु. त्याचें हेंच अंतर ५.१२ मीटर भरतें. बिंदु दुप्पट झाले, पण अंतर दुप्पट झालें नाहीं ! म्हणून अधिक बिंदूंस पैसे देण्याआधीं कॅमेरा दाराच्या जवळ आणतां येतो का, हें पाहावें. तो फार उंचहि लावूं नये. तसें केल्यास येणाऱ्याची टोपी दिसेल, तोंड दिसणार नाहीं.

हें सर्व दिवसाचें झालें. रात्रीं कॅमेरा स्वतःच्या अवरक्त दिव्यानें पाहतो. त्या दिव्याजवळ किडे येतात, किड्यांमागून कोळी येतो, आणि जवळच्या चुना दिलेल्या भिंतीवरून प्रकाश उलटून चित्र पांढरें पडतें. म्हणून दुकानदारास रात्रीचें चित्र दाखविण्यास सांगावें, आणि घरीं आल्यावर महिन्यांतून दोनदां कांच पुसावी. आमच्याकडील धूळ कोणत्याहि हुशारीस आंधळें करण्यास समर्थ आहे.

चित्र ठेवावें कोठें ?

मध्यम प्रतीचें चित्रण सेकंदास सुमारें २० लक्ष बिट घेतें असें धरूं. ८ बिटांचा एक बाईट. म्हणजे सेकंदास अडीच लक्ष बाईट. दिवसाचे सेकंद ८६,४००. गुणाकार केल्यास दिवसास २१.६ गिगाबाईट होतात. १२८ गिगाबाईटचें कार्ड सहा दिवसहि पुरत नाहीं. पुढें तें जुनें पुसून नवें लिहूं लागतें. मुंबईकर मुलगा पंधरवड्यानें येऊन "त्या दिवशीं काय झालें ?" असें पाहूं लागला, तर त्याला कांहीं सांपडणार नाहीं.

ह्याच गणितानें मोबाईलच्या सिमवर चालणाऱ्या कॅमेऱ्याचाहि निवाडा होतो. रोज दीड-दोन गिगाबाईट मिळणाऱ्या योजनेवर अहोरात्र चित्रण पाठविणें शक्य नाहीं. १५ सेकंदांचा एक तुकडा सुमारें पावणेचार मेगाबाईटचा होतो. प्रत्येक फांदीगणिक असे ३०० तुकडे गेले, तर एक गिगाबाईटच्या वर खर्च झाला. फक्त माणूस दिसल्यावरचे २० तुकडे गेले, तर ७५ मेगाबाईट. हुशार ओळखीचा खरा लाभ येथें आहे.

साठवण तीन ठिकाणीं होते. कॅमेऱ्यांतील कार्ड स्वस्त असतें, परंतु चोरानें कॅमेराच नेला तर पुरावाहि गेला. वेगळा रेकॉर्डर आंतल्या खोलींतील कपाटांत कुलपाखालीं ठेवतां येतो. खर्च एकदांच, पण तारा ओढाव्या लागतात. तिसरें ठिकाण म्हणजे कंपनीचें दूरचें भांडार. तेथील चित्र चोराच्या हातीं लागत नाहीं. मात्र दरमहा भाडें द्यावें लागतें, आणि आपल्या घराचें चित्र परक्याच्या घरीं राहतें. विकत घेण्यापूर्वीं एक प्रश्न अवश्य विचारावा : भाडें थांबविलें तर माणूस ओळखण्याची सोय चालूं राहील कीं बंद पडेल ? कांहीं कॅमेऱ्यांत ती ओळख कॅमेऱ्यांतच होते, कांहींत दूरच्या संगणकावर. जेथें इंटरनेट वारंवार तुटतें, तेथें पहिलाच प्रकार घ्यावा. वीज गेल्यावरहि कॅमेरा व राउटर हे दोन्हीं चालले पाहिजेत. नुसता कॅमेरा इन्व्हर्टरवर आणि राउटर बंद, तर सूचना कोणाकडे जाणार?

कुलपाचें कुलूप

ज्या यंत्रांतून आपण घर पाहतों, त्याच यंत्रांतून दुसराहि पाहूं शकतो. २०१६ सालीं "मिराई" नांवाच्या दुष्ट प्रोग्रामनें जगांतील लक्षावधि कॅमेरे व राउटर ताब्यांत घेतले, आणि त्यांच्याकरवीं मोठमोठीं संकेतस्थळें कांहीं तास बंद पाडलीं. युक्ति साधी होती : कारखान्यानें घालून दिलेला पासवर्ड मालकांनीं बदललाच नव्हता. कंपन्यांचे नोकरहि देवमाणसें असतात असें नाहीं. अमेरिकेच्या व्यापार आयोगानें २०२३ सालीं "रिंग" ह्या कॅमेरा कंपनीविरुद्ध तक्रार केली. नोकरांस ग्राहकांचीं खासगी चित्रें पाहतां येत होतीं, असा तींत आरोप होता. प्रकरण ५८ लक्ष डॉलरांवर मिटलें.

म्हणून पासवर्ड पहिल्याच दिवशीं बदलावा, तो लांब असावा व इतरत्र वापरलेला नसावा. मोबाईलवर येणाऱ्या आंकड्यांची दुसरी खूणगांठ ज्या ॲपमध्यें असेल, तेंच घ्यावें. भारत सरकारनें एप्रिल २०२४ मध्यें काढलेले सी.सी.टी.व्ही. कॅमेऱ्यांच्या सुरक्षिततेचे नियम ९ एप्रिल २०२५ पासून लागू झाले आहेत. तेव्हां भारतीय मानक ब्यूरोच्या नोंदणीची खूण नसलेला, पावतीवांचून मिळणारा कॅमेरा स्वस्त असला तरी घेऊं नये.

राखण कीं पाळत ?

आतां ज्या मुद्द्याकडे सर्वांत कमी लक्ष जातें, तो. आमच्या गांवांत घरास घर लागून असतें. अंगणांत बायका धुणीं धुतात, मुलें न्हातात. आपल्या भिंतीवरील कॅमेऱ्यांत शेजारणीचें न्हाणीघराचें दार येत असेल, तर ती राखण नव्हे, तो अपराध होऊं शकतो. २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. आणि २०२५ सालीं कलकत्ता उच्च न्यायालयानें एका भाऊबंदांच्या खटल्यांत असा निर्णय दिला कीं, घरांत बरोबर राहणाऱ्याच्या संमतीवांचून राहत्या भागांत कॅमेरे चालवितां येत नाहींत. सर्वोच्च न्यायालयानेंहि तो फिरविला नाहीं. वांटण्यांचे वाद ज्या घरांत आहेत, त्यांनीं हें विशेष ध्यानांत ठेवावें.

परंतु कायद्याहून नाजूक गोष्ट आईबापांची आहे. परगांवीं असलेल्या मुलास आईची काळजी वाटते. तो स्वयंपाकघरांत कॅमेरा लावतो. हेतु चांगला. पण आईनें आपल्याच चुलीपाशीं बसून जेवावें, रडावें, शेजारणीशीं चार गोष्टी बोलाव्या, आणि हें सारें कोणी तरी पाहत आहे हें तिला सतत जाणवत राहावें, ह्याला सुख म्हणतां येईल काय ? आमचें मत असें कीं, कॅमेऱ्यानें बाहेर पाहावें, आंत पाहूं नये. आंत ठेवणें आजारपणामुळें भागच असेल, तर ज्याच्यावर तो रोखावयाचा त्याला आधीं विचारावें, कोणकोण पाहणार हें सांगावें, आणि बंद करण्याची कळ त्याच्या हाताशीं ठेवावी. पुष्कळ कॅमेऱ्यांतून बोलतांहि येतें. मुलानें रोज संध्याकाळीं पांच मिनिटें बोलावें; न बोलतां तासभर पाहत बसण्यापेक्षां आईस तें अधिक आवडेल.

तीन घरें, तीन निवडी

पहिलें घर मळ्यांतील वस्तीवरचें : वायफाय नाहीं, वीज अनियमित, भोंवतीं कुत्रीं व शेळ्या. येथें सोलर पॅनेलवर व सिमवर चालणारा, माणसाचीच सूचना देणारा व ओळख आंतल्या आंत करणारा एक कॅमेरा पुरे. विहिरीवरील मोटारीकडे रोखलेला वेगळा कॅमेरा घेण्यापूर्वीं तेथें मोबाईलची रेंज आहे काय, हें पाहावें.

दुसरें घर गांवांतलें, वृद्ध मंडळींचें. येथें दाराशीं घंटा असलेला, दोन्हीं बाजूंनीं बोलतां येणारा कॅमेरा उत्तम. म्हातारीनें दार उघडण्यापूर्वीं बाहेर कोण आहे हें तिलाच आंतून दिसावें. मुलाला दिसणें हा पुढचा भाग.

तिसरें घर दहिवडी किंवा म्हसवडच्या बाजारपेठेंतलें, खालीं दुकान व वर बिऱ्हाड. येथें दोन-चार तारेचे कॅमेरे व कुलपांतील रेकॉर्डर हेंच खरें. चित्रणाची तारीख-वेळ बरोबर ठेवावी. चोरी झाल्यास मूळ रेकॉर्डर तसाच जपून पोलिसांस दाखवावा. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणें अशा चित्रणाच्या प्रतीबरोबर प्रमाणपत्र लागतें. कोणाकडून तरी मोबाईलवर फिरून आलेल्या तुकड्यास मूळ चित्रणाची किंमत येत नाहीं.

आणि आतां त्या परिचारिकेची कळ. रात्रीं दोन वाजतां चेन्नईंतील मुलाच्या मोबाईलवर सूचना आली; अंगणांत माणूस दिसतो. मुलगा हजार किलोमीटरांच्या जवळपास दूर. त्यानें करावें काय ? ११२ वर फोन करावा हें खरें, परंतु पोलिसांची गाडी येईपर्यंत जो कंदील घेऊन धांवेल तो शेजारीच. म्हणून कॅमेऱ्याची पेटी उघडण्याआधीं एका कागदावर तीन शेजाऱ्यांचीं नांवें व फोन लिहून काढा, आणि रात्रीं-बेरात्रीं हांक मारली तर याल काय, असें त्यांस समक्ष विचारा. गांवांत ग्रामसुरक्षा दल असेल तर त्यांतहि नांव घाला. तीन नांवें लिहितां येत नसतील, तर त्या घरास कॅमेऱ्याहून मोठी एक गोष्ट कमी आहे, आणि ती बाजारांत विकत मिळत नाहीं.

मुलांनीं सुट्टींत करावयाचा अभ्यास :

१. चित्राची रुंदी ३८४० बिंदु व भिंगाचा कोन ९० अंश असेल, तर अनोळखी मनुष्य किती मीटरांपर्यंत ओळखतां येईल ?

२. चार कॅमेरे, प्रत्येकीं सेकंदास २० लक्ष बिट; १००० गिगाबाईटची तबकडी किती दिवस पुरेल ?

३. आपल्या घराचा व अंगणाचा नकाशा मापानें काढा. कॅमेरा कोठें बसवाल व शेजाऱ्याचा कोणता भाग वगळाल, तें त्यावर दाखवा. आणि तो नकाशा आजीआजोबांस व शेजाऱ्यांस दाखवून त्यांचें मत खालीं लिहा.